टायटॅनियम परवडतं का? सायकल, नांगर आणि धातूचं मोल



तत्त्वज्ञानाच्या माणसानं सायकलीवर बोलावं याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. पण विषय आम्हीच सुचवला, तेव्हा आता माघार घेता येत नाही. त्याचं असं झालं. आमचा नातू नोकरीला लागला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून कडेगावहून सागरेश्वरचा घाट सायकलने करून येतो. दिवाळीत तो म्हणाला, "आजोबा, सीटपोस्ट, पेडलचे ॲक्सल आणि सगळे बोल्ट टायटॅनियमचे बसवतोय." किंमत ऐकल्यावर घरात वाद पेटला. त्याचे वडील म्हणाले, एवढ्यात दोन साध्या सायकली दारात येतील. तो म्हणाला, "किंमत बघू नका, मोल बघा." किंमत आणि मोल यांतला भेद आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला. आता घरच्यांनीच आमच्याकडे बघितलं, आणि आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधताना जे सापडलं ते आज मांडतो.

धातूची पारख या भागाला नवी नाही. विटा, खानापूर, कडेगाव इथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी आटवून तिच्यातलं हीण काढणं हे आपल्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आणि हलकं असूनही मजबूत म्हणजे काय, हेही कडेगावकराला शिकवायला नको. मोहरमचे आपले ताबूत शंभर फुटांच्या वर जातात, ते कळकाचे असतात आणि माणसांच्या खांद्यावरून निघतात. तेच लोखंडाचे केले असते तर जागचे हलले असते का? तेव्हा वजनाच्या मानाने ताकद किती, हा जो टायटॅनियमचा सगळा डौल आहे, तो आपल्या गावात कळकाने कधीच मिरवला आहे.

आता हा धातू कोण, कुठला? १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला काळ्या वाळूत तो प्रथम जाणवला. १७९५ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं. पुष्कळांना वाटतं की तो दुर्मिळ आहे म्हणून महाग आहे. तसं नाही. पृथ्वीच्या कवचात भरपूर सापडणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा नंबर नववा लागतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यातल्या इल्मेनाइट खनिजात तो आहे. केरळात तर ही वाळू मुबलक आहे, आणि तिथे चवरा येथे २०११ पासून टायटॅनियमचा स्पंज तयार होतो, तो मुख्यतः अवकाश कार्यक्रमासाठी.

मग महाग का? तर तो ऑक्सिजनला सोडत नाही म्हणून. लोखंडाचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की लोखंड सुटतं. टायटॅनियमचं तसं होत नाही. १९४० च्या सुमारास विल्हेल्म क्रोल यांनी जी रीत बसवली, तीच आजही मुख्यतः चालते. आधी खनिजाचं क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियम घालून त्यातला क्लोरिन काढून घ्यायचा. एकेक घाण काढावा तसं हे काम एकेका हप्त्यात चालतं, आणि एकेक हप्त्याला दिवस लागतात. पुढे त्याला जोड द्यायचा तर हवा लागू न देता, आरगॉन वायूच्या आवरणात द्यावा लागतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते धातूच्या दुर्मिळतेचे नव्हेत, त्याला मोकळं करण्याच्या खटाटोपाचे.

पण महाग धातू परवडतो का, हा प्रश्न या मातीत प्रथम टायटॅनियमने विचारला नाही. तो लोखंडाने विचारला. आणि गंमत अशी की त्या कथेचीही सुरुवात सायकलीपासूनच होते.

इथून फार लांब नाही, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात. किर्लोस्कर उद्योग आपला जन्म १८८८ सालचा मानतो, तो बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. सायकलीची किंमत होती सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीचे पंधरा रुपये. त्या काळचे हजार रुपये! तेवढ्या पैशात खेड्यातल्या माणसाचं घर उभं राहिलं असतं. त्या सायकलीने काय होत होतं? वकील, अधिकारी, सावकार असे ज्यांच्याकडे घोडा किंवा टांगा आधीच होता, तेच तिच्यावर बसत होते. म्हणजे ज्याचे पाय दुखत होते त्याला ती मिळत नव्हती, आणि ज्याला मिळत होती त्याचे पाय दुखत नव्हते.

पुढे याच बंधूंनी लोखंडी नांगर केला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत. आज आपण हसतो. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघू या. त्याचा लाकडी नांगर बाभळीचा. मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देणार. लोखंडी नांगराचा फाळ गेला तर तो जाणार कुणाकडे? विषाची भीती खुळी असेल, पण तिच्या पोटात एक शहाणा प्रश्न होता. ही वस्तू बिघडली तर माझ्या गावात कोण नीट करील?

शेवटी नांगर रुजला, तो जाहिरातीने नव्हे. लाकडी नांगर जमीन ओरबाडायचा. लोखंडी नांगर खोल जाऊन माती पालथी घालायचा आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर काढायचा. जे काम लाकडाने होतच नव्हतं, ते या महाग धातूने झालं. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपयेही दिले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. तोफेतलं लोखंड तेच आणि नांगरातलंही तेच. मोल बदललं, कारण काम बदललं.

हे सूत्र हातात धरून आता नातवाच्या सायकलीकडे येऊ. पोलादाची घनता सुमारे ७.८, टायटॅनियमची सुमारे ४.५. म्हणजे शंभर ग्रॅम वजनाचे पोलादी बोल्ट काढून त्याच मापाचे टायटॅनियमचे बसवले तर वजन साधारण सत्तावन्न ग्रॅम होतं. त्रेचाळीस ग्रॅम वाचले. नातवाच्या हिशेबाने सगळे भाग मिळून तीनशे ग्रॅम वाचतात. बरं, धरू तीनशे.

वजन वर चढवायला काय पडतं हे आपल्याला टेंभूने शिकवलं आहे. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात, आणि विजेचं बिल कुणी भरायचं याचे वाद आपण ऐकतो. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो, आणि जितकी उंची तितकी वीज. घाटातल्या सायकलीचं गणितही हेच. स्वार पासष्ट किलो आणि सायकल दहा किलो धरली तर पंच्याहत्तर किलो वर न्यायचे. त्यातले तीनशे ग्रॅम कमी झाले म्हणजे शेकडा ०.४. तासभराच्या चढाला पंधरा सेकंदही वाचत नाहीत. आणि तेवढं वजन तर बाटलीत तीनशे मिलीलीटर पाणी कमी भरलं तरी कमी होतं.

शर्यतीत पंधरा सेकंदांना किंमत आहे, हे मान्य. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, आणि तिथे सेकंदावर मुकुट ठरतो. पण जागतिक सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे. म्हणजे हलकेपणाची हाव एका हद्दीपलीकडे खुद्द शर्यतवाल्यांनाही नको झाली.

टायटॅनियमचे गुण खोटे आहेत असं आमचं म्हणणं नाही. तो गंजत नाही. पोलादाच्या मानाने निम्मा ताठर असल्याने सीटपोस्ट खडबडीत रस्त्याचे हादरे थोडे गिळतो. नीट बनवला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण 'नीट बनवला तर' हे तीन शब्द महत्त्वाचे. १९७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत टायटॅनियमच्या पहिल्या फ्रेमा बाजारात आल्या. त्यांतल्या काही शुद्ध टायटॅनियमच्या होत्या, त्या फार लवत आणि तडकतही. पुढे १९८० च्या दशकात विमानांच्या नळ्यांतला ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू सायकलीत आला, तेव्हा गाडी रुळावर आली. धातूचं नुसतं नाव पुरत नाही. त्यात काय मिसळलं आणि कुणाच्या हातून गेला, हे बघावं लागतं. हे गलाईवाल्यांसमोर सांगणं म्हणजे वाण्याला तराजू दाखवणं झालं.

दोषही आहेत. टायटॅनियमचे आटे ग्रीस न लावता आवळले तर एकमेकांत रुतून बसतात, मग बोल्ट निघता निघत नाही. दातेरी चक्र टायटॅनियमचं केलं तर ते पोलादी चक्राआधी झिजतं. आणि तो शेतकऱ्याचा प्रश्न आहेच. घाटात हे मोडलं तर देवराष्ट्रेच्या सायकलवाल्याकडे त्याचा जोडीदार भाग मिळेल का? पोलादी बोल्ट त्याच्या डब्यात पन्नास पडलेले असतात.

एवढ्यावर आम्ही निकाल देऊन मोकळे झालो असतो. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

आमची वाडी कडेगावपासून सहा-सात किलोमीटर. आम्हाला आणि आमच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सातवीनंतर हायस्कुलात जायचं होतं. वडिलांनी एका हंगामाची शेंग विकून सायकल घेतली. एकच. काळी, जड, पोलादी, मागे कॅरिअर असलेली. तिच्यावर आम्ही बसलो. आक्का घरी राहिली. दोन वर्षं आधी तिचं नाव शाळेतून निघालंच होतं, आणि "पोरीनं एवढं चालत जायचं?" असं म्हणून तो विषय मिटवला गेला. त्या सायकलीने आम्हाला हायस्कुलात नेलं, तिथून कॉलेजात आणि पुढे डॉक्टरेटपर्यंत. आक्का आमच्यापेक्षा गणितात हुशार होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. हाडात सळई घालायची होती. डॉक्टरांनी पोलादाची आणि टायटॅनियमची, दोन्हींची किंमत सांगितली. आम्ही चर्चा सुरू केली. आक्का शेजारी बसली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "यानं हा पुन्हा चालंल का? चालणार असंल तर कुठलीबी घाला." डॉक्टर म्हणाले, दोन्हींनी चालतील. शरीर टायटॅनियमला सहज आपलंसं करतं आणि पुढे एमआरआय काढायला अडचण येत नाही. मग टायटॅनियमची घातली. आज आम्ही उभे आहोत ते तिच्यावर. म्हणजे टायटॅनियमवर टीका करणाऱ्याच्या अंगातच टायटॅनियम आहे!

पण आक्काने विचारलं ते बरोबर होतं. आधी काम विचारावं, मग धातू.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुला-मुलींतलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. फायदा सर्वांत जास्त झाला तो शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलींना. त्या सायकली साध्या पोलादाच्या होत्या. आम्ही ते आकडे वाचले तेव्हा आम्हाला टक्केवारी दिसली नाही, ओट्यावर बसलेली आक्का दिसली.

तर नातवाला आमचं उत्तर असं. पैसा तुझ्या कष्टाचा आहे, निर्णय तुझाच. आधी चांगले टायर घे, सीटची उंची नीट लावून घे, ब्रेकचे पॅड बदल. वीस वर्षं हीच सायकल चालवणार असशील, आणि पाठ खरोखर दुखत असेल, तर सीटपोस्ट टायटॅनियमचा घे. त्याला काम आहे. बोल्टांना काम नाही, ते पोलादाचेच राहू देत. आणि उरलेल्या पैशाचं काय, हे आम्ही सांगायला नको. आपल्या वाडीवरून कडेगावला चालत येणारी पोरं तुला रोज रस्त्यात भेटतात.

तो मागच्या रांगेत बसलेला आहे. आता त्याला काही विचारायचं असेल तर त्याने विचारावं, आणि तुम्हीही विचारा.