एक सत्ता, दोन संविधाने

परकीय सैन्याच्या छायेत लोकशाही रुजू शकते काय? २००३ मध्ये इराकवर स्वारी करण्यापूर्वी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जर्मनी व जपानचा दाखला दिला होता. जपानचा दाखला खोटा नव्हे. परंतु तो एकटाच पाहिला तर फसगत होते. त्याच अमेरिकेने तीस वर्षे आधी हैती या कॅरिबियन राष्ट्रात काय केले, तेही शेजारी ठेवून पाहावयास हवे.

जुलै १९१५ मध्ये हैतीच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली आणि अमेरिकन सैनिक तेथे उतरले. गुलामगिरीचे जोखड झुगारून १८०४ साली स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राने परकीयांना जमिनीची मालकी नाकारली होती. अमेरिकेला हव्या असलेल्या नव्या संविधानात ती मुभा होती. १९१७ मध्ये विधिमंडळाने विरोध करताच ते बरखास्त करण्यात आले. १९३० पर्यंत ते पुन्हा भरलेच नाही. १९१८ मध्ये सशस्त्र दलाच्या देखरेखीखाली सार्वमत घेऊन संविधान लादले गेले. रस्तेबांधणीसाठी खेडुतांना वेठीस धरले, बंड उसळले, आणि बंडाचा नेता शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला. १९३४ मध्ये सैन्य परतले. मागे रस्ते आणि पूल राहिले, स्वतंत्र बाण्याची संसद मात्र उरली नाही. १९५७ ते १९८६ या काळात दुवालिए पिता-पुत्रांची हुकूमशाही देशाने सोसली.

जपानच्या संविधानाचा मसुदाही परक्यांचाच. फेब्रुवारी १९४६ मध्ये जनरल मॅकआर्थर यांच्या कचेरीत तो सुमारे आठवडाभरात तयार झाला. जेत्यांचा दबाव होता, वृत्तपत्रांवर नियंत्रणही होते. तथापि संसद शाबूत राहिली. १० एप्रिल १९४६ रोजी स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केले व ३९ स्त्रिया निवडून आल्या. त्या संसदेने मसुद्यावर खल केला. किमान सुसंस्कृत जीवनमानाच्या हक्काची ग्वाही तिनेच त्यात घातली.

ही भूमी नांगरलेली होती. १८९० पासून तेथे संसद भरत होती, १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता, आणि इचिकावा फुसाए यांच्यासारख्या स्त्रिया कित्येक वर्षे मताधिकारासाठी झगडत होत्या. लष्करशाहीने ही वाट अडवली होती. पराभवानंतर ती मोकळी झाली. जमीन सुधारणेने कुळांना जमिनी मिळाल्या. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेले ते संविधान सैनिकी अंमल १९५२ मध्ये संपल्यावरही टिकले. त्याचे एकही कलम आजवर बदललेले नाही. ओकिनावाला मात्र अमेरिकन अंमलातून सुटण्यासाठी १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली, हेही विसरता येत नाही.

हैतीच्या विधिमंडळाने 'नाही' म्हटले आणि त्याला कुलूप लागले. जपानच्या संसदेला निदान मसुद्यात आपले शब्द घालता आले. लोकप्रतिनिधींच्या नकाराला जागा न देणारी सेना जाताना लोकशाहीचा केवळ कागद मागे ठेवून जाते.