अनुमस्तिष्कीय बोधनिक-भावनिक लक्षणसमूह

मेंदूच्या झटक्यामुळे किंवा अन्य विकारामुळे अनुमस्तिष्काला (लहान मेंदूला) इजा झाल्यावर विचार, भाषा, अवकाशीय आकलन आणि भावनांचे नियमन यांत एकत्रितपणे आढळणारे दोष. बॉस्टन येथील चेतातज्ज्ञ जेरेमी श्माहमान आणि मानसशास्त्रज्ञ जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये २० रुग्णांच्या तपासणीवरून या लक्षणसमूहाचे वर्णन केले. त्यामुळे तो श्माहमान लक्षणसमूह या नावानेही ओळखला जातो.

अनुमस्तिष्काचे वजन संपूर्ण मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे असले, तरी मेंदूतील जवळपास ८० टक्के चेतापेशी त्यात असतात. त्याचा पुढचा खंड मुख्यतः हालचालींशी, तर मागच्या खंडाचा मोठा भाग प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) विचार व नियोजन करणाऱ्या क्षेत्रांशी जोडलेला असतो. हे चेतामार्ग बाजू ओलांडून जात असल्याने उजव्या अर्धगोलातील इजेत भाषेचे आणि डाव्या अर्धगोलातील इजेत अवकाशीय आकलनाचे दोष अधिक संभवतात, तर मधल्या पट्ट्याला इजा झाल्यास भावनिक बदल ठळक होतात.

रुग्णाला कामांचा क्रम आखणे, एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवणे आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे कठीण जाते. घनाची आकृती काढताना कडा जुळत नाहीत, आणि एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगण्यास सुचवले असता काही नावांनंतर तो अडखळतो. वागण्यात कधी अलिप्तपणा व भावशून्यता, तर कधी प्रसंगाला न शोभणारा मोकळेपणा किंवा पोरकटपणा दिसतो.

अनुमस्तिष्क हालचालींचा वेग, जोर आणि अचूकता जशी सतत दुरुस्त करत राहते, तशीच विचार व भावना यांचीही करते, या उपपत्तीनुसार श्माहमान यांनी या विकृतीला 'विचारांची मापभ्रष्टता' मानले. इजा मागच्या खंडापुरती मर्यादित असल्यास चाल आणि उच्चार बहुतांशी शाबूत राहू शकतात. अशा वेळी झटका पूर्ण ओसरला असा समज होऊन, कामावर परतलेल्या रुग्णाच्या चुका आळस किंवा बेफिकिरी म्हणून गणल्या जाण्याची शक्यता असते. स्मृतिभ्रंशासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण चाचण्यांतही हे दोष सुटून जाऊ शकतात. म्हणून २०१८ मध्ये दहा उपचाचण्यांची स्वतंत्र श्माहमान मापनश्रेणी प्रसिद्ध करण्यात आली.