पाटीखालची बिडी : दवाखान्यातल्या धूम्रपानबंदीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, "सर, यात इतिहास कुठे आला?" तर तेच आज बघू.

आपल्या जळगाव-धुळ्याकडचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मोठा दवाखाना. दारात पाटी, 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र'. पाड्यावरून आलेला एखादा म्हातारा पायरीवर बसून बिडी पेटवतो, आणि लगेच सिक्युरिटीवाला ओरडतो, "ए बाबा, विझव ती!" म्हातारा बिचारा विझवतो. आणि तिकडे मागच्या बाजूला, सायकल स्टँडपाशी, वॉर्डातले मामा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, रात्रपाळी करून उतरलेला एखादा निवासी डॉक्टर, सगळे निवांत झुरके मारत उभे असतात. त्यांना कोण बोलणार? मी कुठल्या एका दवाखान्याचं नाव घेत नाही. तुम्ही सगळ्यांनीच हे कुठे ना कुठे पाहिलेलं आहे.

बंदी आहे, पण बंदी घालणाऱ्या घरचीच माणसं ती मोडतात. ही गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. दख्खनमध्ये ती आधी रुळली. साधारण १६०४-०५ च्या सुमाराला असद बेग नावाचा मुघल अधिकारी विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि त्यानं ती अकबरापुढे ठेवली. खानदेश तेव्हा नुकताच, म्हणजे १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर, मुघलांकडे आला होता. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं, की या वस्तूबद्दल आमच्या ग्रंथांत काहीच नाही, बादशहाला ती कशी देऊ? अकबरानं काही ती सवय लावून घेतली नाही. पण सरदारांनी लावून घेतली! म्हणजे वैद्याचा सल्ला पहिल्याच दिवशी मिळाला होता, आणि पहिल्याच दिवशी बाजूला पडला.

पुढे १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखू ओढायला बंदी केली. इराणच्या शाह अब्बासनंही केली होती. आता गंमत बघा. जहांगिराचा इराणमधला वकील होता खान आलम. त्याला तंबाखूशिवाय चैन पडेना. शेवटी शाहानं त्याला सवलत दिली. हे जहांगिरानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. बंदी रयतेला आणि सवलत मोठ्या नोकराला, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

आता एकदम १९५१ वर येऊ. तेव्हा आपले पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे जिल्हे मुंबई राज्यात होते. त्या वर्षी मुंबई पोलीस कायदा झाला. त्याच्या ११६ व्या कलमात म्हटलंय, की कोर्ट, पोलीस ठाणं, सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेच्या इमारतीत तशी सूचना लावलेली असेल, तर तिथे धूम्रपान करायचं नाही आणि थुंकायचंही नाही. लक्षात घ्या, आपल्याला वाटतं ही बंदी काल-परवाची. पण सरकारी दवाखान्यात पाटी लावली की बंदी लागू, हे सत्तर वर्षांपूर्वीच कागदावर होतं.

त्याच १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांना पत्रं पाठवली. तुम्ही किती ओढता ते कळवा, म्हणाले. चाळीस हजारांच्या आसपास डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पन्नास वर्षं चालला. शेवटी हिशेब असा निघाला, की कायम ओढणारा माणूस सरासरी दहा वर्षं आधी जातो. आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीनेक वर्षं परत मिळतात. म्हणजे सिगारेटचा सगळ्यात मोठा पुरावा डॉक्टरांच्या स्वतःच्या मरणातून मिळाला.

आपल्याकडेही काम झालं. मुंबईच्या परळमधून संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. पण १९७५ चा कायदा आला तो फक्त सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्यापुरता. बिडी त्यातून सुटली. खेड्यापाड्यातली बिडी!

मग २००१. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, कोर्टं, रेल्वे, अशा ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

आता इथे नीट ऐका, कारण आजच्या विषयाची मेख इथेच आहे. २००३ च्या कायद्यात 'सार्वजनिक स्थळ' म्हणजे काय ते सांगताना शब्द आहेत रुग्णालयाच्या 'इमारती'. आणि त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय, की मोकळी जागा यात धरायची नाही. म्हणजे वॉर्ड, जिना, व्हरांडा यात आले. पण सायकल स्टँडजवळचं लिंबाचं झाड? २००३ च्या शब्दांत ती फट राहिली. संस्थाप्रमुख स्वतःचा नियम करून सगळं आवार बंद करू शकतो, पण मग तो नियम पाळायला लावायची जबाबदारीही त्याच्यावर येते.

२००८ च्या नियमांनी प्रमुखाला मोकळं सोडलेलं नाही. पाटी साठ बाय तीस सेंटिमीटरची हवी, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव पाटीवर हवं. तक्रार येऊनही त्यानं काही केलं नाही, तर दंड त्यालाही आहे. आता तुम्हीच आठवून बघा, नाव लिहिलेली पाटी किती ठिकाणी पाहिलीत? नाव नसलं की पाटी भिंतीची होते, कुणा माणसाची राहत नाही.

आपल्या भागातलं एक उदाहरण देतो. कापसाच्या जिनिंगमध्ये कुणी बिडी पेटवत नाही. हमाल नाही, मुकादम नाही आणि शेठही नाही. का? कारण तिथे आग लगेच दिसते आणि ती शेठ-मजूर बघत नाही. दवाखान्यातली आग वीस-तीस वर्षांनी दिसते. म्हणून तिथे बंदी हुद्दा बघून चालते.

आणखी एक. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात तंबाखू घेणारे प्रौढ २६.६ टक्के होते, आणि त्यातले बहुतेक चघळणारे. २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी जिन्याच्या कोपऱ्यातला लाल रंग गेला नाही. १९५१ च्या कलमात थुंकणंही होतं, नव्या पाटीवर फक्त धूर उरला.

मामांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. सलग ड्युट्या, रात्रपाळी, डोळ्यांसमोर मरणं. एक झुरका ही त्यांची हक्काची सुट्टी असते. ती काढून घ्यायची तर बसायला जागा आणि चहाची वेळ द्या, आणि सोडायला मदत करा. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तो नंबर पेशंटला सांगतो तसा स्टाफरूममध्येही लावा.

चारशे वर्षांच्या इतिहासातून मला एवढंच दिसतं. बंदी खालून वर कधी चढत नाही. साहेबानं विझवली, की मामा विझवतो. आणि मग पायरीवरच्या त्या म्हाताऱ्याला "बाबा, विझव" म्हणायचा अधिकार आपल्याला मिळतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.