समुद्रसपाटी आणि खारेपाट

नागपूरकरांसाठी समुद्र म्हणजे रेल्वेतली एक अख्खी रात्र. तरीही आपल्या झिरो माइलवर समुद्राचा हिशेब आहेच. तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १०२० फूट नोंदलेली आहे. ही सपाटी इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने ठरवली ती बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. देशभरच्या उंचीचा मेळ १९०९ साली नऊ बंदरांच्या आधारे घातला गेला, त्यांत मुंबईही होती. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी तर १८७८ पासूनच्या आहेत.

‘सपाटी’ हा शब्द मोठा फसवा. ऐकणाऱ्याला वाटते, समुद्र तिथेच थांबलेला आहे. आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर वाढली. २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. तापलेले पाणी फुगते आणि वितळलेल्या बर्फाची त्यात भर पडते.

वीतभर पाण्याने काय होते, हे विचारायचे तर अलिबाग-पेणच्या खारेपाटात विचारावे. तिथल्या माणसांनी कित्येक पिढ्या माती आणि दगडांचे बांध घालून खाडीकडून भातशेती मिळवली. बांधात लाकडी दाराची उघाडी ठेवायची. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला दार आपोआप मिटते. किती साधी युक्ती! भात तिथलेच, खारेपण सोसणारे, तांबड्या तांदळाचे. बांधाला खांड पडली की सारा गाव धावायचा. बांधाच्या या सामाईक राखणीला तिकडे ‘जोळ’ म्हणतात. कवीला हेवा वाटावा असा शब्द आहे.

या जमिनीवर घाम कुळांचा, आणि पिकाचा मोठा वाटा खोत-सावकारांचा. म्हणूनच १९३३ साली चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांनी सहा वर्षे जमीन पडीक ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३९ साली संप मिटला आणि कूळ कायद्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे या संपाची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचे मला नवल वाटते.

पुढे सरकार आले. १९४८ साली मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा. बांध सरकारी झाले, आणि जोळ हळूहळू ओसरली. खांड पडली की गावकरी फावडे उचलण्याऐवजी अर्ज लिहू लागले. अर्ज मंजूर होईपर्यंत उधाण थांबत नाही.

आता पातळीची वाढ या जुन्या गणितातच शिरली आहे. बांधाची उंची धरलेली असते मोठ्या उधाणाच्या मापाने. ते मापच वर सरकले की तोच बांध ठेंगणा ठरतो. ओहोटीतही खाडीचे पाणी पुरेसे उतरले नाही, तर उघाडी कमी वेळ उघडी राहते आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. एकदा खारे पाणी आत आले की मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले.

पडलेल्या शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवनाला संरक्षण दिले आहे, आणि २०१८ च्या निकालाने राज्यभरच्या कांदळवनांची तोड बंद झाली. किनाऱ्याच्या भल्याचेच आहे हे. लाटेचा जोर ही झाडे मोडतात. पण ज्याच्या आजोबाने त्या जमिनीसाठी सहा वर्षे उपास काढले, त्याच्या सातबाऱ्यावर शेत आहे आणि डोळ्यांसमोर जंगल. ते तोडता येत नाही, आणि बांध दुरुस्त झाला तरी भात लावता येत नाही. त्याला मोबदला कोणी द्यायचा, आणि कोणत्या भावाने, याचे उत्तर त्याला अजून मिळायचे आहे.