वारापासून ‘कमवा आणि शिका’पर्यंत

एकोणिसाव्या शतकात शिकायला पुण्याला आलेल्या गरीब मुलाला शाळेआधी पोटाची सोय पाहावी लागे. ही सोय म्हणजे माधुकरी किंवा वार. माधुकरीत झोळी घेऊन दारोदार फिरायचे. वार लावला की आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे. एखाद्या घरी सुतक आले की त्या दिवसाचे जेवण हुकलेच. मोबदल्यात पैसे नसत, क्वचित घरची बारीकसारीक कामे करावी लागत. वार टिकवायचा तर यजमानाची मर्जी सांभाळावी लागे. शिकवण्यांचा मार्ग जास्त मानाचा होता. मुंबईत शिकताना धोंडो केशव कर्व्यांनी शिकवण्या करूनच खर्च भागवला.

माधुकरी आणि वार मुख्यतः ब्राह्मण मुलांना मिळत. कुणब्याच्या, महाराच्या मुलाला शहरात कोण वार देणार? या सोयीचे गोडवे गाणाऱ्या आठवणींत हा प्रश्न सहसा येत नाही.

त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यात निघाले. भाऊराव पाटील काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते, त्यामुळे खेड्यापाड्यांत त्यांची पायपीट झालेली होती. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे मुलेच करीत. खर्च तरीही भागत नसे. मग भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढून देत.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजना महाविद्यालयात आली. दिवसाचे काही तास अंगमेहनत, उरलेला वेळ अभ्यास, असा तिचा क्रम होता. खडकाळ जमीन फोडून लागवडीखाली आणायची, बांधकामावर राबायचे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च काढायचा. १९५४ ते १९५७ या काळात प्रा. एन. डी. पाटील या योजनेचे प्रमुख होते. इथे हातात कुदळ घेतलेल्या मुलाला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. शिवाय श्रम सगळ्यांच्याच वाट्याला असल्याने ते कोणा एका जातीचे उरत नव्हते. भाऊरावांची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

पुढे विद्यापीठांनी योजना उचलली. पुणे विद्यापीठातील योजनेला भाऊरावांचेच नाव आहे. कामाचे स्वरूप मात्र बदलले: कुदळीच्या जागी ग्रंथालयातली पुस्तके लावणे, कार्यालयातल्या नोंदी, बागकाम अशी कामे आली आणि मोबदला तासावर मिळू लागला.

मुलांच्या कामाला कायद्यानेही चौकट घातली आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात हातभार लावणे आणि बालकलाकाराचे काम वगळता १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयोगटाला खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रियांची कामे बंद आहेत.