भिंतीवरचा चुना

जबलपूर १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. त्या वीस वर्षांच्या मराठी अमलाहून कटनीचा चुना येथील भिंतींवर अधिक टिकला, असे म्हणावेसे वाटते. कटनी १९९८ पर्यंत याच जिल्ह्यात होती. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवावी, गाळावी, त्यात डिंक व किंचित नीळ घालावी. भिंतीवर तोच चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यातील चित्रे अशाच चुन्याच्या गिलाव्यावर उभी आहेत. रिछाईसारख्या वस्तीत बदलीवर आलेल्या गृहिणीस मात्र चित्रांचा उपयोग काय? हुकूम आला की भिंत मागेच राहावयाची. ती देव्हाऱ्यामागची तेवढी भिंत स्वतःच्या हाताने पांढरी करते.