टोमॅटोच्या लालीची कुळकथा

नारायणगावच्या उपबाजारात क्रेट उतरले की व्यापारी आधी रंग बघतो. लांब पल्ल्याला जायचा टोमॅटो नुकता रंगावर आलेला हवा. पूर्ण लाल माल वाटेतच पिचतो. त्यामुळे जुन्नर-आंबेगावात तोडणी ठरते ती फळाच्या रंगावर, दिवसांच्या हिशेबावर नाही.

हा रंग आणतं कोण? इथिलीन, हे जुनं उत्तर. फळातूनच निघणारा हा वायू पिकणं सुरू करतो, हे खरंच. पण अगदी कोवळं फळ त्याच वायूला दाद देत नाही. म्हणजे फळ आधी वयात यावं लागतं.

या वयाचा धागा एका बिघडलेल्या वाणात सापडला. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं: साल पिवळट, गर बेरंग आणि पिठूळ. २००६ मध्ये कारण पुढे आलं. संशयित जनुकाची अक्षरं शाबूत होती. त्याच्या चालू-बंदच्या जागी मात्र मिथाइलच्या, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक, खुणा दाटल्या होत्या. सगळा भार या एकट्या जनुकावर टाकता येत नाही, हे नंतर दिसलं. पण दिशा मिळाली. २०१३ मध्ये कच्च्या फळात खुणा बसू न देणारं औषध टोचलं, तेव्हा ते वेळेआधी लाल झालं. २०१५ मध्ये खुणा पुसणारं विकर दाबलं, तर पिकणं लांबलं. फ्रिजमधल्या टोमॅटोची चव उतरते, त्यावेळीही या खुणा बदलतात, हे २०१६ मध्ये कळलं.

माणसाच्या डीएनएवरही अशाच खुणा असतात. २०१३ मध्येच संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ यांनी त्यातल्या ३५३ जागा वाचून वय सांगणारं गणित मांडलं. जन्मतारीख एकच असलेल्या दोघांचं शरीराचं वय त्यात वेगळं निघू शकतं. मात्र घड्याळाने वेळ दाखवली म्हणून वेळ घड्याळामुळे पुढे सरकते असं होत नाही. टोमॅटोत खुणा दोन्ही बाजूंनी हलवून कार्यकारण तपासता आलं. माणसाच्या म्हातारपणात त्यांचा हात नेमका किती, यावर अजून वाद आहे.

म्हणून खुणा पुसून तारुण्य देतो म्हणणाऱ्याला कुठल्या खुणा, हे आधी विचारावं. टोमॅटोच्या खुणा पुसल्या गेल्या तेव्हा फळ कोवळं झालं नाही, पिकलं.